गोवराची लस

अहो,

धाकटीला गोवराची लस टोचून आणते. विचारलं नाही, कारण तुम्ही नाहीच म्हणाला असता आणि मी तरीही गेलेच असते. जेवण झाकून ठेवलंय.

शेजारच्या वहिनींचा मुलगा इस्पितळात आहे. गोवर फुप्फुसात उतरलाय. वहिनी काल मला म्हणाल्या, "आम्ही भावोजींचं ऐकलं हो." मी मान खाली घातली. पुन्हा घालणार नाही.

शाळांमधली लस बंद करायचा ठराव आज तुम्ही आरोग्य समितीपुढे मांडणार. तुमच्या बोलण्याला सगळे माना डोलावतील, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांचे आकडे खुशाल खोटे ठरवा. पण आधी इस्पितळात जा, त्या पोराच्या उशाशी बसा, त्याचा श्वास ऐका, आणि मग बोला.