लाल छत्रीचं कव्हर

२२ एप्रिल, मंगळवार
कलकत्त्याहून पार्सल. जपानी सिंगल रेकॉर्डी २, एकीचे ३५०, टपाल ९०. एकूण ७९० रु.
बँड तोच, चार झिपरी पोरं. गाणं ते नाहीच. घरात आता नऊ झाल्या, नऊही भलत्याच. जपानी वाचता येत नाही, कव्हरवरूनच ओळखायचं. मला पाहिजे तिच्यावर चौघं एका लाल छत्रीखाली उभे. दुकानदाराला चारदा कळवलं. तो म्हणतो, "भाभीजी, ये भी बढ़िया है।" असेल. मी काय करू बढ़ियाचं?

२४ एप्रिल
हारुमीताईचा फोन. जपानहून आली, नागपूरला विहारात उतरलीय. बुद्ध पौर्णिमेला फुलचूरला आपल्या घरी येते म्हणे. एकवीस वर्षांमागं दोन महिने इथंच होती, माझ्याशी मराठी बोलून बोलून शिकली. जाताना आपल्या तरुणपणची ती लाल छत्रीची रेकॉर्ड मला देऊन गेली.
"सुजाताताई, गाणं आहे ना? आपण दोघी ऐकू."
आहे, म्हटलं. पटकन निघालं तोंडातून.

२५ एप्रिल
सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर अडकले. खोटं बोलणार नाही. रोज म्हणते.
ती गेली त्याच वर्षी रेकॉर्ड फुटली. जपून राहावी म्हणून मीच गादीखाली ठेवली, मामंजी येऊन बसले. तिला दर पत्रात लिहिलं, सुखरूप आहे. एकवीस वर्षं.
हे म्हणतात, "सांगून टाक ना वं. रेकॉर्डच तर होती."
यांना काय जाते सांगायला.

२९ एप्रिल
आली! लाल छत्री!! ६०० रु., कुरकुर केली नाही. मधलं भोक मोठं, सुताराकडून करून घेतलेली सागाची चकती बसवून लावली. तेच गाणं. भाकरी तव्यावर करपली, हे ओरडून राहिले, मी उठले नाही.
पण कुबट वास फार. कव्हरला बुरशी. असं कसं ताईसमोर ठेवायचं?

१ मे
काय लिहू.
डाळीला, गाद्यांना दाखवतो तसं ऊन दाखवावं म्हटलं. गच्चीवर कुरडयांच्या बाजूला धुतलेल्या लुगड्यावर कव्हर ठेवलं, रेकॉर्डही ठेवली. कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंतच. वर गेले तर रेकॉर्डच्या कडा वळलेल्या.
शेजारच्या शीलाबाई कठड्यावरून, "काऊन वं सुजाता, हा काळा पापड कायचा?"
हसू आलं नाही. एक गादीखाली घातली, एक उन्हात. जपायला गेले की जातेच माझ्या हातून.

३ मे
दोन दिवस पाट्याखाली दाबून ठेवली. थोडी बसली. सुई ठेवली की घसरते, गाणं सुरू होत नाही. नुसतं खरखर, टप्, खरखर. कलकत्त्याला फोन केला. "एक ही पीस था, भाभीजी।" यांच्यावर उगीच चिडले. भात खारट झाला तो वेगळाच.

५ मे
दुपारी मधल्या बाजूला सुई ठेवून पाहिली. तिथं रेकॉर्ड वळली नाही. शेवटचं कडवं वाजलं. पूर्ण! पाचदा ऐकलं.
हे म्हणाले, "बस झालं. तुमचीच रेकॉर्ड आहे, घरात गरमीनं वाकडी झाली, असं सांग ताईले. कोण विचारते?"
म्हणजे आणखी एक खोटं. नाही.

६ मे
फोन लावला, दोन घंट्या वाजल्यावर कापला. फोनवर माझ्या तोंडून पुन्हा 'आहे'च निघेल. पत्रच लिहिलं. ताईला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं. नक्कल इथं ठेवते:

"हारुमीताई, जयभीम. तुम्ही दिलेली रेकॉर्ड तुम्ही गेल्या त्याच वर्षी फुटली. मी एकवीस वर्षं खोटं लिहिलं, त्या दिवशी फोनवरही खोटं बोलले. तशीच दुसरी शोधून आणली, तीही मी उन्हात ठेवून वाकडी केली. आता शेवटचं कडवं तेवढं वाजते. आधीचं तुम्हालाच म्हणावं लागेल, मला शब्द येत नाहीत. पौर्णिमेला खीर करणारच आहे. येता की नाही, राग असेल तर तोही, उलट टपाली कळवा."

हे जाऊन पेटीत टाकून आले. पौर्णिमेला सहा दिवस.