तिसरा खड्डा

३ मार्च

सरांच्या लेखावर सही केली नाही. करणारही नाही!

आमचा कार्बनचा रेणू लेसरखाली तीन ठरावीक रंगांचा प्रकाश गिळतो — आलेखात तीन खड्डे, लख्ख. अंतराळातल्या वायू-धुळीच्या ढगातून येणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशात त्यातले दोन सापडले. तिसऱ्याच्या जागी आपल्याच हवेतली वाफ आड येते, काही दिसत नाही. सर म्हणतात, दोन जुळले, म्हणजे ढगात हाच रेणू. लेख धाडू. नाहीतर यंत्र शेजारच्या विभागाकडे जाईल.

म्हटलं, दोन मुलं घरी आली म्हणून तिसरंही आलं असं धरून कोणी दाराला कडी लावत नाही. आधी वाफ काढून बघू. तर म्हणे, तुझ्या हट्टापायी सगळे बुडतील.

५ मार्च

आईला सांगितलं. कार्बन म्हणजे काजळीच्या जातीचं काहीतरी, एवढं तिला पटलं. मग ते कढईच्या बुडाला शोध म्हणाली, आभाळात कशाला? हसलो दोघी. पण वाढता वाढता हळूच म्हणाली, सही करून टाक गं, वरच्या माणसाशी वैर कशाला? अर्ध्या ताटावरून उठले. वाईट वाटतंय. तरी सही नाही!

१२ मार्च

लेख गेला. माझं नाव गाळून! रेणू गोठवला मी, लेसर जुळवला मी — आणि आता यंत्रावरची पाळीही बंद. जिन्यात सर समोरून आले. मी बाजूला झाले नाही.

१३ मार्च

रडले. पुरे झालं.

२० मार्च

दुर्बिणीवरच्या मैत्रिणीने मूळ निरीक्षणं दिली. आता ढगाच्या अलीकडचा एक तारा घ्यायचा. त्याच्या प्रकाशात वाफ असते, ढग नसतो. ती वाफ आपल्या ताऱ्यातून वजा केली की उरेल ते ढगाचं.

"आणि खड्डा निघाला तर?" मैत्रिणीने विचारलं. निघत नाही म्हटलं. सरांना तोंडघशी पाडायचंय मला. इथे तरी खोटं कशाला लिहू?

२ एप्रिल

वजाबाकी बसत नाही. रोजची वाफ वेगळी — आज दमट, उद्या कोरडी. मैत्रीण म्हणते सोड. हट्टी म्हणून नाव गाळलंच आहे, मग हट्ट तरी पुरा करते!

९ एप्रिल

दोन्ही तारे एकाच रात्रीचे घेतले, आणि वाफ गेली. खाली खड्डा आहे.

जागा तीच. ढगामागचा दुसरा तारा घेऊन पाहिलं, तरी तिथेच. रेणू तोच आहे. सरांचा लेख आता माझ्याच कामामुळे टिकणार! दाबून ठेवावं असं मनात आलं, खूप आलं. मग फोन लावला.

"सर, तुमचं उत्तर बरोबर निघालं. पण लेख धाडलात तेव्हा ते तुम्हाला माहीत नव्हतं."