माडीवरचं गाणं

आई, मी फोन वर उचलला तेवढ्यात गाईडने माझ्या हातापुढे तळवा धरला. ती मुलगी आमच्या शेजारून निघून गेली. पांढरा रंगवलेला चेहरा, लाकडी खडावा, झपझप पावलं. कुणाकडे न बघता एका जाळीच्या दारात शिरली. गाईड पन्नाशीची बाई होती. तिने भिंतीवरची पाटी दाखवली, इथे फोटो काढू नयेत. मी सॉरी म्हटलं. माझी लेक जरा मागे सरकली, माझ्याबरोबर नसल्यासारखी.

क्योतोतल्या गिओन भागातली ती मागची गल्ली. समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं, एवढी अरुंद. दोन्हीकडे जुनी लाकडी घरं, वर बांबूचे पडदे. गाईड सांगत होती की गेइशा होणाऱ्या या मुली कोवळ्या वयात इथे राहायला येतात, नाच, गाणं, वाद्य शिकतात आणि घराच्या मालकिणीला आई म्हणतात. बाहेरचे लोक काहीबाही समजतात, असंही म्हणाली. लेक मन लावून ऐकत होती. मग ती मराठीत बोलली. घरी बोलत नाही, परदेशात बोलते, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून.

"मम्मी, आजीला गाणं कोणी शिकवला?"

"रेडिओवर ऐकून शिकली."

"ओके," ती म्हणाली.

तुझी आई पुण्यात, अशाच एका गल्लीत, माडीवर बैठकीची लावणी गायची. तिच्या मागे बसून तू शिकलीस, आणि बाबांशी लग्न करून कार्डिफला आलीस. बाबा हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. लपवलं मी. मंडळाच्या गणपतीत कोणी तुला विचारायचं, मूळच्या कुठल्या तुम्ही, की तुझ्याआधी मीच उत्तर द्यायची. एकदा घरी येऊन तू सिंकमध्ये मोदकांचं पातेलं घासत होतीस. पाठ न वळवता म्हणालीस, "एक गाव ठरवून घे गं. गेल्या वर्षी वाई होतं, यंदा सातारा." मी हसले. तू हसली नाहीस.

शेवटच्या आजारात तू एकच मागितलंस. पोरगी मोठी झाली की तिला माडीचं सांग. मी हो म्हटलं. तेव्हा ती प्रायमरीत होती. आता ब्रॅकनेलला नोकरी करते. त्या गल्लीत मी हलक्या आवाजात गाईडला म्हणत होते, केवढी ही कला. तुझ्या आईबद्दल हा शब्द माझ्या तोंडून कधी आलेला नाही.

आम्ही काल परत आलो. लेक आजची रात्र इथेच आहे. जेवताना सांगायचं ठरवलं होतं. मी वरणाला फोडणी दिली, पापड भाजले, तिला वाढलं, तिच्या ऑफिसातल्या कटकटी ऐकल्या. ती वर झोपायला गेली आणि मी हे लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, मला काय सांगतेस, तिला सांग. हे पाठवायला पत्ताही नाही, म्हणूनच बहुधा लिहिणं सोपं जातंय.

हे पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितेय. सकाळी तिला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी पार्क केल्यावर सांगितलं, सगळं, एका दमात. ती सीटबेल्ट काढत होती.

"मला माहिती आहे, मम्मी. आजीने सांगितली होती, मी छोटी होती तेव्हा. म्हणाली, तुझ्या मम्मीला लाज वाटते, तिला टाइम दे."

मी म्हटलं, लाज नव्हती गं, लोकांची भीती होती. तिने मान हलवली, बॅग घेतली आणि ट्रेनकडे गेली.

लाजच होती, आई.