बाबांचे दुसरे मरण आणि माझा न आलेला परवाना

मी, रहमा बिंत अल्लाल, वय वर्षे त्रेपन्न, धंदा शेती, राहणार ऐन बर्दा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गांजाच्या परवान्यासाठी तीन वर्षे कचेरीचे उंबरे झिजवूनही ते ठिकाणावर राहिले, याहून मोठा दाखला कोणताही डॉक्टर देऊ शकणार नाही. हृदयाचे मात्र तसे नाही. त्यातली एक झडप नीट मिटत नाही, म्हणून येत्या सोमवारी तेतुआनच्या इस्पितळात माझी छाती उघडणार आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारा एकच इसम आहे, माझा थोरला भाऊ मफद्दल. तो तांजेरला असतो आणि त्याचा फोन मी उचलत नाही.

माझे यजमान वारले, पोटी मूल नाही. म्हणून कायद्याने माझा वारस हा मफद्दलच. वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही, त्याला जे मिळायचे ते न मागता मिळते; आयुष्यभर त्याचे तसेच चालले आहे. माझ्या मर्जीने मला फक्त एक तृतीयांश देता येतो, तोही परक्याला. ही परकी म्हणजे हस्ना. ती चालायला लागायच्या आधी मी तिला घरी आणली, दात येताना तिने माझी बोटे चावली, आज ती चोवीस वर्षांची आहे, मला यम्मा म्हणते, आणि कायद्याच्या हिशेबी परकी आहे. असो.

कलम पहिले. झऱ्याला लागून असलेल्या, उतारावरच्या शेताच्या वरच्या दोन पायऱ्या मी हस्नाला देत आहे. चतुःसीमा: पूर्वेस हद्दू शुऐबची बदामाची झाडे, पश्चिमेस ओढा, उत्तरेस कडा, दक्षिणेस खेचराची वाट. यात माडीवरच्या मातीच्या रांजणातले गावठी बीही आले. हे बी आमच्या आजीच्या वेळेपासूनचे आहे, कमी पाण्यावर येते आणि कचेरीतल्या माणसांपेक्षा लवकर हलते. हे सारे मिळून एक तृतीयांशाच्या वर जात असल्यास दस्त नोंदवणाऱ्या आदूलसाहेबांनी रांजण वजनात धरू नये.

कलम दुसरे. राहते घर व खालच्या पायऱ्या कायद्याने मफद्दलकडे जातील. तो त्या किनाऱ्यावरच्या एका कंपनीला विकणार आहे, बयाणा घेऊन बसला आहे. कंपनी परदेशी बी लावणार, त्यासाठी विहीर खोदणार. विहीर खोदली की झरा आटेल, आणि हस्नाच्या दोन पायऱ्यांवर फक्त दगड पिकतील. हे टळण्याची एकच वाट आहे: माझ्या नावाने परवाना येणे. परवाना आला की सगळे शेत पाच वर्षे आमच्या सहकारी संस्थेच्या करारात बांधले जाते, वारसालाही ते मोडता येत नाही, आणि संस्थेची चिटणीस हस्ना आहे. परवान्याआधी मी मेले, तर अर्ज बाद. म्हणून तो परवाना अजून का आला नाही, हे इथे नमूद करणे भाग आहे.

पाव शतकापूर्वी, बाबा वारले त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात पोलिसांची गाडी वर आली. आमचा गांजा छातीभर उंच होता. हवालदाराने विचारले, "शेत कोणाचं?" मफद्दल तिथेच उभा होता, मिशीला पीळ देऊन. म्हणाला, "वडिलांचं. अल्लाल त्यांचं नाव."

"कुठे आहेत ते?"

"वरच्या कुरणात गेलेत. बकऱ्या घेऊन."

बाबा वरच्याच अंगाला होते हे खरे, पण अंजिराच्या झाडाखाली, सहा हात मातीत. पकड वॉरंट बाबांच्या नावाने निघाले. हवालदाराला शंका आली, तेव्हा मफद्दलने माझी दुभती शेळी कापली, गावातल्या बारा जणांना जेवू घातले आणि आदूलपुढे उभे केले. बाराही जणांनी शपथेवर लिहून दिले की अल्लाल हयात आहे, ठणठणीत आहे, आणि शेताची वहिवाट त्याचीच आहे. मग मफद्दल आपल्या हिश्श्याचे पैसे घेऊन तांजेरला गेला. मी राहिले, फरारी बापाची मुलगी म्हणून. बाबांच्या मृत्यूची नोंद करायची सोय उरली नाही. दर दोन-तीन वर्षांनी पोलीस येत, बिसाऱ्याची आमटी नि भाकरी खात, ऑलिव्हच्या बिया अंगणात थुंकत आणि विचारत, "म्हातारा अजून कुरणातच?"

मग गांजा कायदेशीर झाला. मी पहिल्या आठवड्यात अर्ज केला. खिडकीमागचा बाबू अदबीने म्हणाला, "लल्ला रहमा, या जमिनीची वहिवाट अल्लाल यांची दिसते. आणि ते तर फरारी आहेत."

"ते वारले आहेत."

"मग मृत्यूचा दाखला आणा."

"तो नाही."

"म्हणजे जिवंत आहेत. मग त्यांना आणा, सही करतील."

"साहेब, शंभरी ओलांडली असती त्यांनी!"

"वयाची अट नाहीये," बाबू म्हणाला. मोठ्या मनाने म्हणाला.

मृत्यू सिद्ध करायलाही बारा साक्षीदारच लागतात. मी त्याच बारांकडे गेले. पाच जण खरोखर मेले होते, त्यांच्या जागी मुलगे. हद्दू शुऐब बदाम फोडत बसला होता. म्हणाला, "रहमा, तेव्हा आम्ही खोटं बोललो ते सरकारदरबारी खरं झालंय. आता खरं बोललो तर खोट्या शपथेत आत जाऊ. तू शेळीच जरा कमी खारट करायची होतीस, आम्ही विचार तरी केला असता."

"शेळी माझी होती, हद्दू! कापली त्यानं!"

"मग त्याच्याकडे जा ना, बाई."

अशात माफी जाहीर झाली. गांजाच्या गुन्ह्यांतले हजारो शेतकरी सुटले, यादीत बाबांचे नाव. गावचा मुकद्दम, म्हणजे सरकारचा गावातला माणूस, साखरेची ढेप घेऊन धापा टाकत वर आला. "लल्ला रहमा, मुबारक! बाबा सुटले!"

मी विचारले, "कशातून?"

त्याने थोडा विचार केला आणि चहा मागितला.

वाट हस्नाने काढली. पोळीवर मध ओतता ओतता म्हणाली, "यम्मा, आजोबा तेव्हा जिवंत होते, हे बारा जणांनी सांगितलंय. राहू दे. आता ते मेले, एवढंच सांगायचं. माफीची बातमी ऐकून आनंदाने मेले. कोणाचीच शपथ मोडत नाही."

अशा रीतीने माझे वडील दुसऱ्यांदा वारले. इमामसाहेबांनी नमाज पढायला साफ नकार दिला, "मी माणूस एकदाच पुरतो" म्हणाले, पण कुस्कुसच्या जेवणाला आले आणि दोनदा वाढून घेतले. मफद्दल तांजेरहून नवा कोट घालून आला आणि पहिल्यापेक्षा चांगला रडला. पहिल्या वेळी त्याला सराव नव्हता. कचेरीचा माणूस कबर बघायला वर चढला, शेवाळ निरखून म्हणाला, "परवाच पुरलंय ना? मग एवढी जुनी कशी?"

मुकद्दम म्हणाला, "डोंगरातली माती, साहेब. लवकर मुरते."

बारा जणांनी पुन्हा लिहून दिले, दाखला मिळाला. वारसाचा कागद झाला. मफद्दलने रोखीत नेलेला हिस्सा धरून जमीन माझ्या नावावर आली. अर्ज पूर्ण आहे. परवाना "पेरणीआधी" येईल असे कळवले आहे. कोणत्या सालच्या पेरणीआधी, ते कळवलेले नाही.

कलम तिसरे. खेचर हद्दूला. ते त्याचे कधीच ऐकत नाही, हे पाहायला मी नसेन याचेच काय ते दुःख. मुकद्दमला माझी चहाची किटली. तशीही ती त्याच्याच हातात असते. ज्या पसरट पातेल्यावर फडके ताणून आम्ही चरस काढायला हिवाळाभर गांजा झोडपला ते पातेले, दोन्ही काठ्यांसह, परवाना कचेरीच्या बाबूला नेऊन द्यावे. आता ते वापरणे बेकायदा आहे. त्याने त्यात कागद भिजवावेत. मफद्दलला मला काही देता येत नाही, हे वर आलेच आहे. हे एकच कलम मी कायद्याला दुवा देत लिहिते आहे.

कलम चौथे. हे आदूलसाहेबांच्या प्रतीत नाही. फक्त या प्रतीत आहे, आणि ही प्रत हस्नाकडे राहील.

परवाना यायच्या आत मी गेले, तर माझ्या मृत्यूची नोंद करू नये. गाव मला इमामसाहेबांच्या हाताने, एकदाच आणि नीट, बाबांशेजारी अंजिराखाली पुरेल. मोठ्याने रडू नये, मुकद्दमला रस्त्यापर्यंत ऐकू जाते आणि मग त्याला ते ऐकले म्हणावे लागते. मफद्दलने फोन केला तर सांगावे, रहमा वरच्या कुरणात गेली आहे, बकऱ्या घेऊन. हे उत्तर त्याच्या ओळखीचे आहे. त्यावर त्याला पुढे काही विचारता येणार नाही. विचारलेच तर बाबांच्या दाखल्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून निघेल, आणि त्यात पहिले नाव त्याचे येईल.

हस्ना, वेळेवर पेरणी कर. गावठीच बी लाव. तू घाबरशील, मला ठाऊक आहे, तुला खोटे बोलताना कान लाल होतात. ओढणी बांधून बस. या घराने मेलेल्या माणसाकडून पंचवीस वर्षे शेती करवून घेतली आहे. माझ्याकडून एक हंगाम करवून घेणे जड नाही.

परवाना आला की तो घेऊन अंजिराखाली ये आणि शिक्क्यासकट मोठ्याने वाच. मग बारा जणांना बोलाव, कुस्कुस कर, मीठ बेताने घाल, आणि त्यांना लिहून देऊ दे की रहमा बिंत अल्लाल परवाना पाहून आनंदाने मेली. त्या कागदावरचा आनंद तेवढा खरा असेल.

सही: रहमा बिंत अल्लाल

साक्षीदार पहिला: हद्दू शुऐब. अल्लाल जिवंत असल्याची व नंतर मेल्याची साक्ष मीच दिली होती. या बाईच्या बाबतीत दोन्हीला तयार आहे, पण खेचर नको.

साक्षीदार दुसरा: बुझियान, मुकद्दम, ऐन बर्दा. मी चौथे कलम वाचलेले नाही. मला ते आवडले.

ठिकाण ऐन बर्दा, गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६. आजच्या तारखेस लिहून देणार हयात आहे. पुढचे परवाना आल्यावर कळवण्यात येईल.