बंद दुकानाची घरपट्टी

६ जून

शिंपीण आली होती — जिनं माझं घर घेतलं ती. खरेदीखताला दोन महिने झाले नाहीत. पुढच्या खोलीत शिलाई मशिनं मांडायची म्हणून तिनं कर्ज काढलंय. हातात नोटीस! पाच वर्षांची घरपट्टी थकली म्हणे. महिनाअखेर भरली नाही तर घराला सील. नात वाचत होती आणि मी सारखी म्हणत होते, दुसऱ्या कुणाचं असेल, नीट बघ. माझंच होतं.

शिंपीण भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ती हळूच म्हणाली, "आजी, तुमच्या शब्दावर सही केली मी."

दर वर्षी भरली आहे मी घरपट्टी. रांगेत उभं राहून सुजलेल्या पायांना विचारा.

७ जून

दोन घास खाल्ले. तेही नात बघत होती म्हणून.

८ जून

लेकाला सांगितलं. त्यानं आधी पंखा बंद केला, मग खुर्ची ओढली, मग विचारलं, "आई, भरलीस ना नक्की? दुसरीकडे कुठे पैसे लागले असतील तर सांग."

नऊ महिने पोटात ठेवला याला, तेव्हा मी पावती मागितली नव्हती!

पावत्यांचा डबा उघडला. पाच पावत्या, शिक्क्यासकट. आणि पाच बंद पाकिटं, कचेरीची. फोडली का नाहीस म्हणून ओरडला. मी म्हटलं, पैसे भरल्यावर कागद काय कुरकुरतोय ते कशाला ऐकायचं? एरवी हसला असता.

पावत्या मी बराच वेळ हातात धरून बसले.

९ जून

नातीला म्हटलं, तू कचेरीत यायचं नाहीस. हिशेब तपासायच्या नोकरीला लागून पंधरा दिवस झाले नाहीत, रजा कसली मागतेस? मी आणि तुझा बाप बघतो.

१३ जून

वसुलीच्या टेबलावर चष्मेवाला कारकून. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला — जसं काही मी वाचणार होते!

पैसे जमा आहेत. पण कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या नावावर. पावतीचा कोरा कागद आपणच भरून द्यायचा असतो; पहिल्या वर्षी तो भरताना घराच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले, आणि पुढं दर वर्षी मागची पावती बघून नवी भरली. मीच सांगायचे ना, मागची बघून लिही, चुकणार नाही! पाच वर्षं मी दुकान पोसलं आणि त्यानं मला साधी सुई दिली नाही.

पैसे घराच्या खात्यावर वळवायचे तर दुकानदाराची संमती हवी. अर्ज हवा. पावत्या कुणी भरल्या तेही लिहून हवं.

लेक वळला. "कुणी भरल्या गं?"

रांगेतल्या कुणीतरी, आठवत नाही म्हटलं. "पाचही वर्षं?" लेक म्हणाला. म्हटलं, रांग तीच, माणसं तीच. माझं विस्मरण सगळ्यांना लगेच पटतं, म्हातारपणाचा तेवढा एक फायदा.

हे लिहिताना नात पाणी प्यायला उठली. दोनदा.

१७ जून

दुकानदाराकडे गेलो. त्याला वाटत होतं, कचेरी आपल्याला विसरली! सही केली तर पाच वर्षांची थकबाकी त्याच्या बोकांडी बसणार. विचार करून सांगतो म्हणाला. मी म्हटलं, सावकाश करा, तोवर दुकान माझं समजते. किल्ली कुठे असते? त्याची बायको हसली. तो नाही हसला.

१९ जून

काही नाही.

२१ जून

काही नाही. शिंपिणीचा फोन आला. काय सांगू तिला?

२२ जून

सही दिली! हप्ते पाडून मिळाले म्हणून दिली. बायकोनं आणून पोचवली.

२४ जून

अर्जात मी घालायला लावलं: चुकीचा आकडा मीच तोंडी सांगितला, लिहिणाऱ्याचा दोष नाही. (हे वाक्य वहीत नीट लिही. जाड लिही.)

कारकुनानं लिहिणाऱ्याचं नाव विचारलं. नावं राहत नाहीत हो आता, म्हटलं. त्यानं चष्म्यावरून बघितलं. मग शाईचा पॅड पुढं सरकवला. अंगठा दिला.

२८ जून

पैसे वळले. नोटीस रद्द. शिंपिणीनं फोनवर मशिनचा आवाज ऐकवला. लेक म्हणाला, मी तसं विचारायला नको होतं. म्हटलं, विचारलंस ते बरं, पंख्याला तरी विसावा मिळाला.

२९ जून

नातीनं पेन खाली ठेवलं होतं, आता उचललंय. म्हणाली, "आजी, त्या पावत्या मी भरल्या होत्या. शाळेत होते तेव्हापासून. तुला खरंच आठवत नाही?"

वाचता येत नाही मला. तुझं अक्षर ओळखता येतं. डबा उघडला त्याच दिवशी ओळखलं.

लिही.