हे कपाळापर्यंत आले आणि थांबले

सोमवार, ९ मार्च

सगळ्यात आधी आली ती मंदा, शेजारची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण आमच्या दारात जीप थांबली की मंदाच्या घरातली साखर संपते. मग जीपमधून उतरल्या हिराबाई आणि त्यांच्या बचत गटातल्या तिघी. पेठच्या पुढे पाडा आहे त्यांचा. नागलीचे (नाचणीचे) पापड करतात, लय पातळ, डोळ्यासमोर धरला तर पलीकडचं माणूस दिसावं. मंदाने धरून बघितला, म्हणाली, मला तुझं नाक तेवढं दिसलं. तिला काय.

ऋतुजाचं, माझ्या नातीचं, मोबाईलवर दुकान आहे. ऋ. दिवसभर सातपूरला कंपनीत, संध्याकाळी दुकान. माझ्या कुरडया, मंदाचा काळा मसाला, पिंपळगावच्या भाच्याचे बेदाणे. नागली तेवढी नाही. म्हणून दोन महिने मी हिराबाईशी गोड बोलतेय.

आज पोहे झाले, चहा झाला. हिराबाईने स्वतःचा मोबाईल पुढे केला. "दाखव दुकान." गोल फिरायला लागला. आम्ही सगळ्या त्या गोलाकडे बघत बसलो. दुसरा चहा झाला. गोल फिरतोच आहे.

ऋ. म्हणाली, "मावशी, माझ्या मोबाईलवर बघा ना, लगेच उघडतं."

"तुझ्यात उघडंल गं पोरी. माझ्यात उघडाय पाहिजे. मागं एकानं आमचे पापड नेले, न् पाकिटावर सोताचं नाव छापलं. आता पाड्यावर बसून माझ्या फोनात आमचं नाव दिसंल, तवा माल."

खरं बोलली. नमुन्याचे चार पापड होते, ते बोलता बोलता मंदाने खाल्ले. भाजून, तूप लावून.

मंगळवार, १० मार्च

फोटोला वजन असतं हे आज कळलं. एमबी म्हणतात. ऋ. ने सगळे फोटो मोबाईलमधून निघाले तसेच दुकानात चढवलेले, अख्खे. शहरातल्या नव्या मोबाईलवर चालून जातं. हिराबाईचा मोबाईल जुना, त्यात पाड्यावर रेंजची एकच दांडी, ती एवढं ओझं कशी ओढणार?

दोष माझाही आहे. फोटो काढताना मीच कुरडईखाली पैठणी अंथरली. बाजूला तांब्याची घागर, झेंडू, रांगोळी. ऋ. म्हणते, मागे जेवढी नक्षी तेवढा फोटो जड. आता साधी पांढरी चादर. परत सगळे फोटो. पैठणी घडी करून कपाटात. लग्नातली माझी. बिचारी इतक्या वर्षांनी जरा मिरवली तर

(दूध उतू गेलं. राहू दे.)

गुरुवार, १२ मार्च

काल ऋ. ने फोटो दाबले. दाबायचे म्हणजे वजन उतरवायचं. इतके दाबले की कुरडई भांड्यांच्या घासणीसारखी दिसायला लागली. मंदा म्हणाली, आता ही भांड्यांच्या साबणाशेजारी ठेव.

ऋ. वैतागली. "बारीक केला तर तार दिसत नाही, मोठा ठेवला तर उघडत नाही. काय करू गं आजी?"

मी म्हटलं, मॅचिंगच्या दुकानात आपण काय करतो? दोरा बघायला अख्खी साडी नेतो का? काठाचा बोटभर तुकडा कापून नेतो. फारच अडलं तर साडी उलगडायची. तसं कर. आधी बोटभर दाखव. ज्याला बघायचं तो बोट लावेल, त्याला मोठा दाखव.

ऋ. लॅपटॉप सोडून माझ्याकडे बघत राहिली. मग माझे दोन्ही गाल ओढले. "आजी, मोठमोठ्या दुकानांत असंच करतात!" करत असतील. चौथीत शाळा सुटली माझी, पण मॅचिंग कधी चुकलं नाही.

आणि नागली पापडाची एक जागा करून ठेवली. खाली हिराबाईचं नाव, गटाचं नाव, पाड्याचं नाव. फोटोचा चौकोन रिकामा. फोटो कुठून आणणार? मंदाच्या पोटात.

शुक्रवार, १३ मार्च

संध्याकाळी हिराबाईला फोन लावला. तिच्या फोनवर दुकान, आमच्या फोनवर ती. "थांब... येतंय येतंय... कोणा बाप्याची टोपी आली. आता कपाळ आलं."

"पुढे?"

"पुढं काय नाय. कपाळावरच थांबलंय."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हे! दुकानात शिरलं की सगळ्यात वर ह्यांचा फोटो, हाराचा, भिंतीवरचा. स्टुडिओत नेऊन चांगला मोठा करून आणलेला. आणि ऋ. ला मीच दम दिलेला, बाकी काय करायचं ते कर, आजोबांना हात लावायचा नाही. पोरीने नाही लावला. कुरडया हलक्या झाल्या, बेदाणे हलके झाले, हे आहेत तसेच. सगळ्या दुकानापेक्षा ह्या एका फोटोचं वजन जास्त. म्हणून खालचं काहीच येत नव्हतं.

ऋ. हळूच म्हणाली, "काढू का गं तिथून?"

नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. मग दोघींना वाईट वाटलं. भाकरी एकच खाल्ली.

रविवार, १५ मार्च

काल काही लिहिलं नाही. भिंतीवरच्या फोटोला पुसलं.

हे टेम्पो चालवायचे. नाशिक-पेठ. सावळघाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवायची, उतरून मागे बघायचं. जास्त वाटलं की सरळ दोन पोती काढून चहाच्या टपरीवर ठेवायची, दुसऱ्या खेपेला न्यायची. व्यापारी ओरडायचे. हे म्हणायचे, "घाट माझ्या बापाचा नाय. चढायचं तर उतरवा." एकदा मलाच उतरवलं होतं, लग्नाला चाललो होतो तेव्हा! हातात बुंदीचं पातेलं. तासभर टपरीवर बसले. बोलले नाही नंतर दोन दिवस. आता आठवून एकटीच हसत होते, सून बघून गेली.

पाडा पण घाटाच्या वरच आहे की.

ऋ. ला हाक मारली. म्हटलं, कर आजोबांना बारीक.

"नक्की?"

"ते असते तर त्यांनी आधी स्वतःलाच उतरवलं असतं."

पहिल्यांदा केले तर मिशीचा नुसता काजळाचा डाग. मी म्हटलं, एवढे नको गं, मिशीवर लय जीव होता. मग थोडे वाढवले. मिशी आली, चष्म्याची काडी आली. बोटाच्या दोन पेरांएवढे आहेत आता. वजन म्हणे आधीच्या शंभरातलं एकसुद्धा नाही. जिवंतपणी डॉक्टर सांगून थकले.

मंगळवार, १७ मार्च

दुपारीच हिराबाईचा फोन. आपणहून! मी पीठ भिजवत होते, तशाच हाताने घेतला.

"आलं गं, दुकान आलं! पडवीतच बसलीय मी, वर टेकाडावर पण जावं लागलं नाय. तुझा म्हातारा आला, मिशीसकट. कुरडई आली. बोट लावलं तर मोठी झाली बया."

"आणि नाव?"

ती मागे कुणाला तरी वाचून दाखवायला लागली. स्वतःचं नाव, गटाचं, पाड्याचं. एकदा वाचलं. परत वाचलं. मागे बायकांचा गलका.

"पण वर पापड कुठाय? चौकोन मोकळाच."

"मंदाने खाल्ला."

अशी हसली की माझ्या कानात शिट्टी वाजली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येते म्हणाली, सगळ्याजणी येतो. माल आणते का, ते काही बोलली नाही. ऋ. कंपनीत होती ते बरं, नाहीतर विचारून मोकळी झाली असती. मी जीभ दाताखाली धरली. फोन ठेवता ठेवता हिराबाईने एवढंच विचारलं, "तुमच्या गच्चीवर ऊन किती वाजंपर्यंत असतं?"

चार, म्हटलं.

नुसतं बसायला येणारी बाई ऊन कशाला विचारेल? विचारेलही. मंदाला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार, २० तारीख. गच्ची झाडून घ्यायची.