कॅफेतली नीतू

रविवार, १२ जानेवारी, देवरी

पोचले एकदाची! फुलचूरहून बसने येताना गादी मांडीवर घेऊनच बसावं लागलं. उद्या कचेरीत रुजू व्हायचं. खोली वरच्या मजल्यावर आहे. खाली घरमालकीण सुलोचनाबाई एकट्याच राहतात. यजमान गेल्यापासून घरचं धान त्याच पिकवतात, त्याच विकतात. खिडकीबाहेर सागाची झाडं, आणि नेटवर्क काय ते खिडकीपाशीच. निघताना आईने विचारलं, एकटी करशील काय? म्हटलं, जुने फ्रेंच सिनेमे बघेन. इंटरनेटवरच्या फुकट संग्रहात शेकडो पडलेत. काळेपांढरे, खरखरणारे, खाली इंग्रजीत ओळी. घरी टीव्हीवर कायम भावाची क्रिकेट मॅच असायची. देवरीत बसून फ्रेंच सिनेमा? हो, देवरीत बसूनच!

बुधवार, १५ जानेवारी

कचेरीतून येऊन सिनेमा लावला. सुलोचनाकाकू सुपात लाखोळीची डाळ निवडत शेजारी बसल्या. सिनेमात एक बाई कॅफेत कुणाची तरी वाट बघते, बस्स. "हे बाई तं काहीच करून नाही राहिली. कायले पाहतेस?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, वाट बघणं हीच गोष्ट आहे. मग त्याही बघू लागल्या. अचानक सूप हातातून सुटलं. मागच्या टेबलावरच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थे आमची नीतू होय."

नीतू माझ्याआधीची भाडेकरू. शाळेत शिकवायची आणि याच खिडकीशी बसून असलेच सिनेमे बघायची. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी नाहीशी झाली. कुणाबरोबर तरी पळाली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

हा सिनेमा तर आईच्या जन्माआधीचा. काकूंची समजूत घातली. पण डाव्या अंगठ्याने केस कानामागे सारायची लकब तीच, हे त्या परत परत सांगत राहिल्या.

रविवार, १९ जानेवारी

दिवसाढवळ्या पुन्हा लावला. मुलगी आता मागे नाही, अगदी पुढच्या टेबलावर आहे. थेट माझ्याकडे बघते. तिच्यासमोर एक माणूस, आपल्याकडे पाठ करून. हा त्या दिवशी नव्हता. आवाज वाढवला. फ्रेंच गलक्यातून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "मले इथून न्या."

काकू रडल्या. नीतूच्या वडिलांना, केशोरावांना, त्यांच्या गावी बोदलकशाला फोन लावला. आमच्यासाठी पोरगी मेली, म्हणाले, आणि ठेवून दिला.

भीती वाटली. पण राग त्याहून जास्त आला.

मंगळवार, २१ जानेवारी

दर वेळी तो माणूस थोडा थोडा वळतो. आज गाल दिसला — गुळगुळीत, नुसता गाल. त्याच्या बोटांत चिरूट, आणि वास इथे खोलीत. आणि माझा उजवा हात राखाडी पडलाय, त्या सिनेमासारखा. धुतला, घासला. तसाच.

काकू म्हणतात, खाली ये राहायला, तो लॅपटॉप विहिरीत टाक. नाही टाकणार. नीतूचं काय मग? सगळे तिला सोडून मोकळे झाले. मी होणार नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

राखाडी कोपरापर्यंत. रजा टाकली. दुसरा सिनेमा लावला — तेच कॅफे. तोच माणूस. नीतूने पडद्याच्या आतून तळवा टेकवला. मी बाहेरून माझा टेकवला —

ऊब. जिवंत आहे ती!

काकूंना सांगितलं. डोळे पुसून म्हणाल्या, "मंग ओढू तिले. मी तुले धरून ठेवीन."

रविवार, २६ जानेवारी, दुपार

ओढली! राखाडी हात पाण्यात जावा तसा आत गेला. काकूंनी कंबर धरली — नीतूची बोटं — मनगट — आणि ती धाडकन फरशीवर. खोकते आहे. काकू पाणी पाजून राहिल्या.

लॅपटॉप सुरूच. कॅफेत खुर्ची मागे सरकलेली. माणूस नाही.

नीतू म्हणते, त्याला चेहरा नाही, तो बघणाऱ्याचा चेहरा घेतो —

खालचं दार उघडलं. जिन्यावर बूट. चिरूटाचा वास.

लिहून ठेवते. उद्या आम्हीही पळालो, असं कुणी ठरवायला नको.

काकूंनी बत्ता उचललाय. नीतू भिंत धरून उभी राहिली. तिला म्हटलं, बस. नाही म्हणाली.

बूट दाराशी थांबले. कडी मीच काढते. ये म्हणावं. आम्ही तिघी आहोत, आणि आता तू आमच्या घरात —